काल्हेरच्या खाडीतील रेती

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे एवढेच ज्याच्या डोळ्यांपुढे येते, त्याने शहराच्या दक्षिणेस, काल्हेर-कशेळीपाशी जेथे उल्हास नदी खाडीचे विशाल रूप धारण करते, तेथे ओहोटीच्या वेळी अवश्य उभे राहावे. चिखलातून तिवराची वीतभर श्वसनमुळे वर आलेली असतात, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारीत असतात, आणि पात्राच्या मध्यावरून डिझेल एंजिनाची अखंड घरघर ऐकू येते.

ही घरघर रेती उपसणाऱ्या सक्शन पंपाची. हाताने रेती काढताना डुबी मारणारा मजूर रोवलेल्या बांबूला धरून तळाशी जातो, श्वास टिकेल तेवढ्यात बादली भरतो आणि वरचा जोडीदार ती दोराने ओढून घेतो. हे काम जिवावरचे खरे, परंतु माणसाच्या दमाची मर्यादा त्यात तळालाही लाभते. पंपाला दम लागत नाही. बार्जवरून सोडलेला जाड पाइप तळाशी टेकला की रेती, गाळ, शिंपल्या, कोळंबीची पिल्ले सारे एकत्रच वर येते. रेती बार्जच्या पोटात साचते आणि काळपट पाणी कडेवरून पुन्हा खाडीत ओघळते. पडलेल्या खड्ड्याकडे शेजारचा उतार घसरू लागतो, काठ खालून पोखरला जातो, आणि मुळे उघडी पडलेले तिवर एखाद्या उधाणात आडवे होते. नदीने वरून नवी रेती आणावी, तर बारवी, भातसा यांसारख्या धरणांमागे तिचा बराच अंश अडकून राहतो.



बेकायदा उपशाची खबर लागताच तहसील कचेरीचे पथक येते, पंचनामा होतो, पंप आणि बार्ज गॅसकटरने निकामी केले जातात, आणि जप्त रेतीची ब्रासांत मोजदाद होऊन ती दप्तरी दाखल होते. ही कारवाई आवश्यकच आहे. पण शंभर घनफुटांच्या त्या मापात तळ किती खोल गेला आणि काठ किती मागे सरला हे येत नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांच्या नाशास मनाई करून त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्याचा हुकूम दिला; परंतु पात्राच्या मध्यावर चालणारा पंप त्या पट्ट्याबाहेर राहूनही काठ ढासळवू शकतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर पात्राची खोली मोजली जावी, जमिनीच्या नोंदीप्रमाणे ती तलाठ्याच्या दप्तरात राहावी, आणि खाडीवर जाळे टाकणाऱ्या गावकऱ्यांना ती मागताक्षणी पाहावयास मिळावी.