हवा प्यायला वर येणारा मासा

मागच्या मे महिन्यात एका सकाळी माझी टाकी रिकामी दिसली. झाकण जागेवर होतं, पण फिल्टरची नळी आत जाते तिथं दोन बोटांची फट मी तशीच ठेवली होती. वीतभर लांबीचा माझा बिचिर मासा त्या फटीतून रात्री कधीतरी बाहेर पडला होता. तो सापडला स्टँडखाली, कूलरच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर. हात लावला तर वळवळला. हात ओले करून त्याला उचललं, पाण्यात सोडलं, आणि तासाभरात तो नेहमीच्या दगडाआड जाऊन बसला. त्या उन्हाळ्यात फरशी कोरडी असती तर तो वाचला नसता.

बिचिर पाळायचं मनात असेल तर म्हणूनच मासा आणण्याआधी झाकण आणा. नळी, वायर, कोपरा, जिथं फट दिसेल तिथं स्पंज कोंबा. या माशाचं डोकं जिथून जातं, तिथून सगळं शरीर जातं.

आमच्याकडे झिंगे घेऊन येणारे एक ढिवर काका आहेत. त्यांनी टाकीसमोर उकिडवं बसून थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे मासोरी त मांगुरावानी हवा पेते गा, भाऊ." पुस्तकात मी चार पानं वाचून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. ओळखणारच. हा आमचा भंडारा, तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, धानाच्या बांध्या, आणि उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या त्या पाण्यात तग धरून राहणारे मरळ, मांगूर, शिंगी. हे मासे वर येऊन हवा घेतात. म्हणून तर बाजारात ते पातेल्यातल्या चार बोटं पाण्यातही तासन्‌तास जिवंत राहतात. मरळ जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिला तर गुदमरून मरतो, हे ढिवराला सांगावं लागत नाही.

बिचिर आफ्रिकेचा. तिथल्या नद्यांच्या काठचं गवताळ, दलदलीचं, संथ पाणी हे त्याचं घर, म्हणजे आपल्या बोडीसारखंच. फरक शरीराच्या आत आहे. मांगुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखा अवयव असतो, शिंगीच्या पाठीकडे दोन लांब पिशव्या असतात. बिचिरला मात्र खरीखुरी फुप्फुसं आहेत. ती दोन असतात, पोटाच्या बाजूला असतात आणि आपल्या फुप्फुसांसारखीच घशाच्या तळाशी उघडतात. अंगावर हाडासारख्या कठीण, चौकटी खवल्यांचं चिलखत असतं. श्वास सोडताना हे चिलखत आवळतं, मग ते मूळ आकारात परत येतं आणि हवा आत ओढली जाते. डोक्याच्या वरच्या बाजूला दोन छोटी छिद्रं असतात, त्यांतूनही तो हवा घेतो. पाठीवर एका सलग पराऐवजी छोट्या छोट्या परांची रांग असते. शास्त्रीय नाव पॉलिप्टेरस, म्हणजे अनेक पंखांचा, ते त्यावरूनच पडलं.

नेपोलियननं 1798 मध्ये इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर शास्त्रज्ञही नेले होते. त्यांतल्या एतिएन जोफ्रुआ सेंत-हिलेर यांनी नाईल नदीतला हा मासा युरोपातल्या अभ्यासकांपुढे आणला. पुढचं शतकभर तो कोड्यासारखा राहिला, कारण त्याची अंडी आणि पिल्लं कशी वाढतात हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यासाठी जॉन सॅम्युअल बजेट हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा आफ्रिकेत गेला. 1903 मध्ये त्याला फलित अंडी मिळाली. पण तिथल्या तापानं पोखरलेलं शरीर घेऊन तो परतला आणि जानेवारी 1904 मध्ये वारला. वय अवघं 31. त्यानं आणलेल्या अंड्यांचा अभ्यास त्याचा मित्र ग्रॅहम कर यानं पुरा केला. दुकानातल्या काचेत हा मासा दिसला की मला बजेट आठवतो.

2014 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सेनेगल बिचिरची पिल्लं आठ महिने जमिनीवर, ओलसर हवेत वाढवली. ती पाण्यात वाढलेल्या पिल्लांपेक्षा नीट चालायला लागली, डोकं उंच धरू लागली, त्यांच्या खांद्याच्या हाडांची ठेवणही बदलली. मासे पाण्यातून जमिनीवर कसे आले असतील, याचा तो प्रयोग होता. पहिल्या पावसात बांधीच्या धुऱ्यावरून सरपटणारा मांगूर ज्यानं पाहिला आहे, त्याला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

आता टाकीकडे वळू. नवख्यानं सेनेगल बिचिरच घ्यावा. टाकीत तो फूटभरापर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. ऑर्नेट जातीचा बिचिर दिसायला देखणा, पण तो दोन फुटांवर जातो. एंडलिचेरी जातीचा त्याहून दांडगा. त्यांच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नका. सेनेगलला चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी हवी. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्र महत्त्वाचं, कारण तो तळानं फिरतो आणि श्वासासाठी तेवढा वर येतो. दीड फूट उंचीच्या टाकीत पंधरा इंच पाणी भरा. वरचे तीन इंच त्याच्या हवेचे. हे सुमारे 200 लिटर पाणी होतं. रेती आणि काच धरून वजन पाव टनाच्या वर जातं, तेव्हा टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवरच ठेवा.

तळाला बारीक रेती घाला. या आकाराला एक इंच थर द्यायला 25 किलोच्या आसपास लागते. बांधकामाची रेती चालते, पण चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन. टोकदार खडी नको, पोट घासतं. लपायला दगडांची सांद किंवा मातीचा मोठा पाइप द्या. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. पाणी ड्रममध्ये चोवीस तास उघडं ठेवा किंवा क्लोरिन मारणारं औषध घाला.

आणि मग थांबा. सर्वांत जास्त मासे मरतात ते याच घाईत. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढून मग पुन्हा शून्य येईपर्यंत मासा आणू नका. हवा पिणारा मासा आहे, घाण पाण्यातही जगेल, असं दुकानात कुणी सांगितलं तर ऐकू नका. फुप्फुसं त्याला प्राणवायूच्या टंचाईतून वाचवतात, विषातून वाचवत नाहीत.

आपल्याकडची खरी परीक्षा उन्हाळ्याची. त्याला 24 ते 28 अंश पाणी मानवतं आणि आपल्या खोलीतली टाकी मेमध्ये सहज 32 च्या पुढे जाते. पाण्यावरून छोटा पंखा फिरवला तर दोन-तीन अंश उतरतात. झाकणाला त्यासाठी बारीक जाळी लावा. वीज गेली तर बिचिर वर येऊन श्वास घेईल, पण बंद फिल्टरमधले जिवाणू काही तासांत मरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो.

खाणं अंधार पडल्यावर द्या. नजर मंद असते, सगळं काम वासावर चालतं. सोललेले झिंगे, माशाचे तुकडे, स्वच्छ मातीतली गांडुळं आणि तळाला बसणाऱ्या गोळ्या पुरतात. लहान असताना रोज, मोठा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा. बाजारातले जिवंत छोटे मासे टाकू नका, त्यांच्याबरोबर रोग येतात. तोंडात मावेल असा कुठलाही मासा सोबत ठेवू नका. काच साफ करायला म्हणून सकर मासाही नको. तो रात्री बिचिरच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

एक विनंती हात जोडून करतो. मासा मोठा झाला, कंटाळा आला, तर दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, पण तलावात किंवा वैनगंगेत सोडू नका. मूळचा आफ्रिकेचाच असलेला थाई मांगूर आपल्या माशांना खातो म्हणून केंद्र सरकारला 2000 साली त्यावर बंदी घालावी लागली. टाक्यांतून सुटलेला सकर देशातल्या कितीतरी पाण्यांत माजला आहे. इथं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या लोकांनी ढिवरांबरोबर तलावांचा आणि देशी माशांचा अभ्यास केला आहे. मरळ-मांगुराचं हे घर आपल्या हौसेसाठी धोक्यात घालायचा हक्क कुणालाच नाही.

विकत घेताना तीन-चार इंचांचा मासा निवडा. गालांमागे पिसांसारखे बाहेरचे कल्ले दिसत असतील तर ते पिल्लू अजून फार कोवळं आहे, त्याला दुकानातच राहू द्या. पोट खपाटीला गेलेलं नसावं, अंगावर लाल चट्टे नसावेत. घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग मासा अलगद सोडा, दिवा बंद करा आणि सगळ्या फटी पुन्हा एकदा तपासा. त्या दिवशी खायला काही देऊ नका. दुसऱ्या रात्री झिंग्याचा एक तुकडा दगडाजवळ ठेवा.