श्रीनगरच्या आकाशातील एकाकी झुंज

१४ डिसेंबर १९७१ ची सकाळ. पेशावरहून आलेली पाकिस्तानची सहा सेबर विमाने श्रीनगरच्या विमानतळावर तुटून पडली. धावपट्टीवर बॉम्ब कोसळत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचे चिमुकले नॅट विमान आकाशात झेपावले.

लुधियानाजवळच्या इसेवाल गावचा हा तरुण. वडीलही वायुदलातच होते. विवाहाला काही महिनेच लोटले होते. युद्धापूर्वी आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवली जात नसत. त्यामुळे हा डोंगराळ मुलूख आणि तिथली थंडी त्यांच्या तुकडीला नवखीच होती. झुंजीत सोबतचे विमान दृष्टीआड झाले. तरीही सेखोंनी एकट्याने दोन सेबर विमानांचा वेध घेतल्याची नोंद त्यांच्या सन्मानपत्रात आहे. अखेर संख्याबळ वरचढ ठरले आणि नॅट कोसळले. विमानाचे अवशेष दरीत सापडले. देह मात्र कधीच हाती लागला नाही.

मरणोत्तर परमवीर चक्राचा बहुमान मिळालेले ते वायुदलातील एकमेव वीर. भारतीय नौवहन महामंडळाच्या तेलवाहू जहाजाला आणि अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव लाभले. ज्या घराने मुलगा दिला, त्या घराला अंत्यदर्शनही लाभले नाही. वीराचे स्मरण करताना त्या घराचेही स्मरण व्हावे.