आधी शी मऊ, मग पॉटी

दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता मध्येच थांबतं. पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, पाय एकमेकांवर आवळतं, टाचा उचलतं. चेहरा लालबुंद होतो, कपाळाला घाम फुटतो. घरच्यांना वाटतं, बिचारं एवढं कुंथतंय तरी शी होत नाही. मग कोणीतरी त्याला उचलून पॉटीवर नेऊन बसवतं आणि रडारडीने घर डोक्यावर घेतलं जातं. त्या मुलाच्या शरीराची ठेवण जरा नीट पाहिली, तर वेगळंच दिसतं. कुंथायचं असेल तर माणूस गुडघे मोडून बसतो. पाय ताठ करून, नितंब आवळून, चवड्यांवर उभं राहिलं की गुदद्वार घट्ट मिटतं. म्हणजे मुलाचा सगळा जोर लागलेला असतो तो शी बाहेर येऊ नये यासाठी. अशा वेळी त्याला पॉटीवर बसवणं म्हणजे ज्याला ते घाबरलं आहे, त्याच्याच पुढ्यात त्याला नेऊन ठेवणं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की बद्धकोष्ठ असलेल्या मुलाची पॉटीची शिकवणी आधी थांबवावी, शी मऊ करावी, काही महिने ती मऊच राहू द्यावी आणि त्यानंतरच पॉटीचं नाव काढावं. आपल्या बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा चालतो.

सुरुवात बहुधा एखाद्या क्षुल्लक कारणाने होते. ताप येऊन गेला, प्रवास झाला, आईच्या दुधावरून गाईच्या दुधावर आणलं, आणि एक दिवस खडा झाला. दुखलं, कदाचित गुदद्वाराला बारीक चीर गेली, शीला रक्ताची रेघ लागली. दोन वर्षांच्या मुलाला यातून एकच गोष्ट कळते: शी केली की दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की ते अडवतं. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं, त्यामुळे आत थांबलेली शी दिवसागणिक कोरडी आणि मोठी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती बाहेर पडते तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखतं आणि मुलाची भीती खरी ठरते. असं महिनोन् महिने चाललं की मलाशय जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखं सैल पडतं. ते भरलं आहे ही जाणीवच बोथट होते आणि कळ येईनाशी होते. मग अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी पाझरते, चड्डीला दिवसभर डाग पडतात. घरच्यांना ते जुलाब वाटतात. कोणी जुलाब थांबवायचं औषधही देतं आणि दुखणं आणखी आवळतं. चड्डी खराब केली म्हणून मुलाला ओरडण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण त्या पाझरण्यावर त्याचा ताबा नसतो आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही.

आधी काय येतं, हट्ट की बद्धकोष्ठ, या प्रश्नाला बऱ्यापैकी सरळ उत्तर मिळालेलं आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रूस टॉबमन यांनी 1997 मध्ये 482 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लघवीला नीट बसणारी, पण शीसाठी पॉटीवर बसायला साफ नकार देणारी मुलं त्यात 22 टक्के होती, म्हणजे जवळजवळ पाचात एक. हा अपवादात्मक हट्टीपणा नव्हे, एवढं त्या आकड्यावरून कळतं. पुढे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्लम, टॉबमन आणि नेमेथ यांनी मुलांची शिकवणी सुरू असतानाच त्यांची नोंद ठेवली. ज्यांच्यात बद्धकोष्ठ आणि नकार दोन्ही दिसले, त्यांच्यापैकी बहुतेकांना बद्धकोष्ठ आधी झालेलं होतं आणि नकार मागून आला होता. नकाराच्या मुळाशी जर दुखणं असेल, तर बक्षिसं, स्टिकर, गोष्टी आणि धाक या सगळ्यांचा उपयोग तोकडाच पडणार. दुखायचं थांबलं पाहिजे, आणि ते समजावून थांबत नाही.

म्हणून पहिला मान औषधाचा. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी 2014 मध्ये मिळून काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि भारतीय तज्ज्ञांनी 2018 मध्ये काढलेली तत्त्वं याबाबत एकाच वाटेने जातात. वर्षावरच्या मुलांसाठी पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलला आहे. ही पाण्यात विरघळवून द्यायची पावडर असते. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवून आतड्यातून तशीच पुढे जाते आणि शी मऊ ठेवते. उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात मोठ्या मात्रेने तीन ते सहा दिवसांत साठलेला गोळा काढून टाकायचा. दुसऱ्यात कमी मात्रा निदान दोन महिने रोज द्यायची आणि त्रास थांबून महिना उलटल्यावर ती हळूहळू उतरवायची. मूल पॉटीला बसायला शिकत असेल, तर ते पुरतं शिकेपर्यंत औषध बंद करू नये, असंही 2014 च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलेलं आहे. गडबड होते ती इथे. चार दिवस शी नीट झाली की पालक बाटली कपाटात ठेवून देतात. आतड्याला मूळ आकारावर यायला आठवडे-महिने लागतात आणि मुलाला भीती विसरायला त्याहून जास्त. पुन्हा एक खडा झाला की सगळं पहिल्यापासून. किती मात्रा, किती दिवस, हे मुलाच्या वजनावरून डॉक्टर ठरवतील. आपण मध्येच न थांबवणं हे आपल्या हातात आहे.

‘इतक्या लहान मुलाला रोज औषध? त्याची सवयच लागेल,’ हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो आणि तो काळजीपोटीच येतो. मोठ्या माणसांत आतड्याला ढोसून जोर करायला लावणाऱ्या रेचकांचा वर्षानुवर्षं मारा झालेला लोकांनी पाहिलेला असतो. ही पावडर आतड्याला ढोसत नाही, फक्त शीमध्ये पाणी राखते. ती घेतल्याने आतडं आळशी होतं, असं दिसलेलं नाही. औषध लवकर बंद केल्यावर त्रास परत येतो आणि लोकांना ती सवय वाटते. वास्तविक तो अर्धवट राहिलेला उपचार असतो. आतड्याचं खरं नुकसान न देण्याने होतं, कारण साठत राहणारी शीच त्याला ताणून निकामी करते.

दुसरा मार्ग आपल्याकडे सर्रास वापरला जातो, खालून. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून, साबणाची बारीक कांडी करून किंवा ग्लिसरीनची गोळी सरकवून शी करवतात. त्या क्षणी काम होतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मुलाच्या बाजूने मात्र हिशोब उलटा आहे. ज्या जागी दुखतं, तिथेच दोन मोठी माणसं हातपाय धरून काहीतरी घालतात, आणि भीती दुणावते. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते, ते वेगळंच. साठलेला गोळा काढायला तोंडाने दिलेली पावडरीची मोठी मात्रा एनिमाइतकीच उपयोगी पडते, हे तुलनात्मक अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खालचा रस्ता धरू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

आहाराचं काय? आहार महत्त्वाचा आहेच, पण त्याला त्याची जागा द्यावी. भिजवलेल्या मनुका, पपई, पेरू, भाजी घातलेली मऊ खिचडी, भाकरीचा काला हे सगळं मुलाच्या ताटात असावं. मात्र नेहमीच्या गरजेपेक्षा जास्त तंतू किंवा जास्त पाणी देऊन जडलेलं बद्धकोष्ठ बरं होतं, याला पुरावा नाही. मलाशय भरलेलं असताना कोंडा आणि इसबगोल वाढवला, तर आतला ढीग तेवढा वाढतो. आपल्या घरांत मला जास्त खटकतं ते दूध. जेवत नाही म्हणून दूध, दूध प्यायलं म्हणून भूक नाही, आणि मध्ये दुधात बुडवलेली मैद्याची बिस्किटं. या वयात दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध नको, असं बालरोगतज्ज्ञ सर्वसाधारणपणे सांगतात. काही थोड्या मुलांत गाईच्या दुधातली प्रथिनंच बद्धकोष्ठाला कारण ठरतात. नीट उपचार करूनही फरक पडत नसेल, तर दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहायचा सल्ला डॉक्टर देतात. तो प्रयोग आपल्या मनाने करू नये.

‘आमच्या वेळी सहा महिन्यांचं पोर पायांवर धरलं की शी करायचं, तुम्हीच लाडावून ठेवलंत,’ हा आजीचा टोला मला खोटा वाटत नाही. पाय लांब करून बसायचं, बाळाला दोन्ही पावलांवर टेकवायचं, तोंडाने आवाज करायचा ही पद्धत चांगली आहे. बाळ उकिडवं बसतं, त्याच्या वेळा आईला ठाऊक असतात आणि त्या वयाची शी मऊ असते. पण सहा महिन्यांच्या बाळाला अडवून धरता येत नाही, दोन वर्षांच्या मुलाला येतं, आणि ज्याला शीची दहशत बसली आहे त्याच्यावर पायांवर धरण्याचा प्रयोगही चालत नाही. शाळेची घाई तर याहून कठीण. प्लेग्रुपचा प्रवेश जूनमध्ये, डायपर सुटलेला हवा, म्हणून मे महिन्यात मुलामागे लागतात. तारखेसाठी दुखणाऱ्या मुलाला रेटलं, तर जूनपर्यंत डायपरही सुटत नाही आणि बद्धकोष्ठही जात नाही. बाईंशी बोलावं, कारण सांगावं, गरज पडली तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी.

दरम्यान मुलाने शीसाठी डायपर मागितला तर तो द्यावा. हे पटायला पालकांना सर्वांत जड जातं. टॉबमन, ब्लम आणि नेमेथ यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पालकांना दोनच गोष्टी पाळायला सांगितल्या: शीबद्दल घाण-वाईट असं काही बोलायचं नाही, आणि मुलाने डायपरमध्ये शी केली तरी त्याचं कौतुक करायचं. त्या मुलांचा नकार कमी काळ टिकला. तेव्हा डायपर बदलताना नाक दाबून ‘छी छी’ करणं आजपासून बंद करता येईल. काही महिने न दुखता शी झाली की मग डायपर घालूनच बाथरूममध्ये उभं राहायचं, पुढे डायपरसकट पॉटीवर बसायचं, आणि डायपर सगळ्यात शेवटी काढायचा. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून जेवून उठल्यावर पाच-दहा मिनिटं बसवावं. शी झाली नाही तरी बसल्याचं कौतुक करावं. कमोडवर बसवायचं तर लहान सीट लावावी आणि पायाखाली पाट द्यावा. पाय लोंबकळत असले तर मुलाला जोरच लावता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासाची बैठक शरीराला योग्यच असते, पण त्यावरच्या पावलांच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या असतात आणि मधल्या भोकात पडण्याची धास्ती मुलाला खरोखर वाटते; तिथे घाई नको, जमिनीवरची छोटी पॉटी बरी.

काही लक्षणं दिसली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठावेत. जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांत झाली नसेल, पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, पोट फुगून कडक झालं असेल, हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, पायांत अशक्तपणा वाटत असेल, तर आतड्याचा, मज्जारज्जूचा किंवा थायरॉइडचा आजार आहे का, हे तपासावं लागतं. अशी मुलं थोडी. बाकीच्या बहुसंख्य मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांची वेळ या आठवड्यातच घ्या, शी किती दिवसांनी होते आणि कशी होते हे लिहून न्या, आणि तोवर पॉटी माळ्यावर ठेवून द्या.