फोटोंचा फिरता ठोकळा घरच्या घरी

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या सत्कारात पडद्यावर फोटोंचा ठोकळा फिरताना आपण पाहिला असेल. एका बाजूला नवरा-नवरी, ठोकळा वळला की आई-वडील, आणखी वळला की सारे कुटुंब. स्टुडिओवाले याचे वेगळे पैसे लावतात आणि ‘हे आपल्याला कुठले जमायला’ असे म्हणून आपली माणसे ते देतातही. आमचाही समज तोच होता. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम., कॉम्प्युटरशी आमचा संबंध पगारपत्रकापुरता. परंतु आमच्या चाळीतील आक्का सफाईच्या नोकरीतून ३१ वर्षांनी निवृत्त झाल्या आणि मंडळाने त्यांच्या सत्काराची जबाबदारी आमच्या गळ्यात घातली, तेव्हा हे शिकणे भाग पडले.

आमचा पुतण्या अकरावीत आहे. तो म्हणाला, “काका, चार फोटो द्या, अर्ध्या तासात ठोकळा फिरवून दाखवतो.” आम्ही आक्कांकडे गेलो. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि आतून निघाले तीन फोटो. एक नोकरीच्या ओळखपत्रावरचा, एक लग्नातला, ज्यात पंचवीस-तीस माणसे दाटीवाटीने उभी आहेत, आणि एक थोरल्या मुलाला मांडीवर घेतलेला. साठ वर्षांच्या बाईचे आयुष्य आणि फोटो तीन! पुतण्या म्हणाला, चौथ्या बाजूला गुलाबाचे फूल टाकू. आम्ही त्याला गप्प केले. आक्कांच्या नातीने त्याच संध्याकाळी मोबाइलवर आक्कांचा फोटो काढला. दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या, नुकतीच वेणी घातलेली, हसू दाबून धरलेले. ती झाली चौथी बाजू.

आता कृतीकडे येऊ. पॉवरपॉइंट नावाचा प्रोग्रॅम बहुतेक शाळा-कॉलेजांतून शिकवतात, मुलांना तो ठाऊक असतो. त्याच्या २०१० सालच्या आवृत्तीपासून ‘ट्रान्झिशन्स’ या भागात ‘क्यूब’ नावाचा प्रकार आहे. क्यूब म्हणजेच आपला ठोकळा. ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही त्यांनी लिबरऑफिस घ्यावे. ते फुकट मिळते, आणि त्यातल्या ‘इम्प्रेस’मध्येही क्यूब आहे.

चार स्लाइड घ्यायच्या आणि प्रत्येकीवर एक फोटो बसवायचा. चारही निवडून ‘क्यूब’वर टिचकी मारायची. शेजारच्या ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये ठोकळा कोणत्या बाजूने वळावा ते ठरवता येते. त्यातले ‘फ्रॉम राइट’ ठेवावे, म्हणजे नवा फोटो उजवीकडून येतो. येथे बहुतेक जण एका गोष्टीत फसतात. स्लाइडला लावलेले ट्रान्झिशन ती स्लाइड येताना दिसते, जाताना नव्हे. म्हणून पहिल्या स्लाइडलाही क्यूब लावायलाच हवा. नाहीतर चौथ्या फोटोवरून पुन्हा पहिल्यावर येताना ठोकळा फिरत नाही, नुसता फोटो बदलतो आणि सगळी गंमत जाते. फेरी अखंड चालावी म्हणून ‘स्लाइड शो’ या भागात ‘सेट अप स्लाइड शो’ उघडून ‘लूप कंटिन्युअसली’ या ओळीपुढे खूण करावी. ‘बॉक्स’ नावाचा प्रकार क्यूबचाच भाऊ आहे, पण त्यात आपण ठोकळ्याच्या आत बसून भिंती फिरताना पाहतो. आम्ही प्रथम चुकून तोच लावला होता.

पुतण्याने खरोखरच अर्ध्या तासात ठोकळा फिरवला. पाहतो तर लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या साऱ्यांची डोकी उडालेली! झाले असे की, हल्लीची स्लाइड आडवी असते, सोळास नऊ या मापाची. पोरट्याने फोटो कडेपर्यंत ताणून वरचा-खालचा भाग कापून टाकला. ओळखपत्राचा फोटो तर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, उभा. तो पडदाभर मोठा केल्यावर आक्का ओळखू येईनात, नुसते ठिपके. कागदपत्रे तपासायची जन्मभराची सवय असून आम्ही हे आधी पाहिले नाही, याची लाज वाटली.

मग सगळे पुन्हा केले. ‘डिझाइन’मध्ये ‘स्लाइड साइझ’ आहे, तेथे लांबी-रुंदी दोन्ही २५ सेंटिमीटर केली. त्यामुळे स्लाइड चौरस झाली आणि ठोकळा खरा ठोकळ्यासारखा दिसू लागला. आधी तो पाटावरच्या खोक्यासारखा दिसत होता. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते, ती राहू द्यावी. फोटो मुळीच कापायचा नाही. पूर्ण फोटो चौरसात मावेल इतकाच ठेवायचा आणि उरलेल्या जागेत रंग भरायचा. हा रंग मात्र काळा नको. ठोकळा वळताना त्याच्या मागे काळोख असतो. स्लाइडही काळी असेल तर ठोकळ्याची कड दिसत नाही, फोटो नुसते हवेत तरंगतात. आम्ही गडद निळा घेतला. आमच्या चाळीत दुसरा कोणता रंग चालणार! ओळखपत्राचा फोटो छोटाच ठेवला, मधोमध. त्याच्या कोपऱ्यावर कचेरीचा अर्धा शिक्का उमटलेला आहे. पुतण्या तो पुसून देणार होता. आक्का म्हणाल्या, “भाऊ, शिक्का राहू द्या. त्या शिक्क्यावर लेकरं जेवली माझी.”

जुने फोटो मोबाइलवर उतरवताना खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात उतरवावेत, फ्लॅश मारू नये. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, वरचा थर काचेवरच राहून जातो. काचेवरूनच, चमक येणार नाही असा कोन धरून काढावा.

आता वेळेचे गणित. घरी साबणाचे खोके घ्या, चार बाजूंना चार फोटो लावा आणि हळूहळू फिरवा. खोके निम्मे वळले की दोन बाजू एकदम दिसतात, पण प्रत्येक बाजूची रुंदी मूळच्या साधारण सत्तर टक्केच भरते. चेहरे अरुंद होतात, ओळख पटत नाही. म्हणजे माणूस ओळखायचा तो ठोकळा थांबलेला असतानाच. पुतण्याने फोटो तीन सेकंद थांबवून ठेवला होता. आमच्या मातोश्रींना दाखवला तर त्या म्हणाल्या, “अरे थांबव ना त्याला, मधली कोण होती ती?” तेव्हा ‘ड्युरेशन’, म्हणजे वळण्याचा वेळ, दोन सेकंद केला. ‘आफ्टर’पुढे साध्या फोटोला आठ सेकंद आणि लग्नाच्या फोटोला वीस सेकंद घातले. ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढून टाकली, नाहीतर कोणाचा हात लागला की ठोकळा मध्येच पळतो.

सत्काराच्या दिवशी लॅपटॉपची वायर मंडळाच्या टीव्हीला जोडली. पहिल्या दोन फेऱ्यांत पोरे ओरडत होती, “फिरला, फिरला!” तिसऱ्या फेरीत लग्नाचा फोटो आला आणि मागच्या ओळीतल्या एक आजी उठून टीव्हीपाशी गेल्या. म्हणाल्या, “हा माझा धाकटा भाऊ. ह्याचा फोटो कुठंच नाही आमच्यापाशी.” वीस सेकंदही पुरले नाहीत. पुतण्याने कीबोर्डवरचे ‘एस’ अक्षर दाबले, त्याने आपोआप चालणारी फेरी थांबते आणि पुन्हा दाबले की सुरू होते. त्यानंतर पाऊण तास ठोकळा फिरलाच नाही. हा कोण, ती कुणाची सून, हा कोणत्या गिरणीत होता, असे चालले होते. नातीने वहीत नावे लिहून घेतली. सत्तावीसपैकी एकोणीस माणसांची नावे लागली. भाषणे राहून गेली. मंडळाचे अध्यक्ष जरा नाराज झाले, पण असो.

दुसऱ्या दिवशी ‘एक्स्पोर्ट’मधून त्याचा व्हिडिओ केला, म्हणजे कॉम्प्युटर नसला तरी पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावून पाहता येतो. मात्र व्हिडिओ एकदाच चालून थांबतो, पुन्हा लावावा लागतो. त्या आजींसाठी भावाचा चेहरा त्या फोटोतून वेगळा काढून छापून घेतला. जरा अंधुक आला आहे. आक्कांनी पेन ड्राइव्ह पेटीत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि आम्हाला विचारले, “भाऊ, उरलेल्या आठ जणांचं काय करायचं?” येत्या रविवारी नात ती वही आणि फोटोची प्रत घेऊन पलीकडच्या दोन चाळींत जाणार आहे.