दोन नंबरचा ड्राइव्ह काढू नकोस, मामा!

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना बसच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. मी जिथे जिथे 'अं... अं...' केलं तेवढं गाळलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

तर झालं असं. शुक्रवारी रात्री साडेदहाला मामाचा फोन. मामाचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, सगळं करतो. म्हणाला, "अगं, तो डबा फार हळू चालायला लागलाय. एक फोल्डर उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो."

डबा म्हणजे नॅस. घरच्या वायफाय राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी म्हणा. मामाच्या पेटीत ४ टीबीचे चार ड्राइव्ह आहेत, रेड ५ पद्धतीने बांधलेले. आणि त्या रात्री त्यात पाच लग्नं अशी होती, ज्यांचे अल्बम अजून द्यायचे होते. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी कधीच फॉरमॅट झाली होती. म्हणजे त्या पाच लग्नांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. लग्न काय, परत लावता येत नाही.

मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. तो येईपर्यंत मामाचं निदान तयार होतं. "दोन नंबरचा गेलाय. त्याच्यासमोर ११२ एरर दिसतायत. खेचून काढतो, नवीन टाकतो."

"मामा, हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून रूममेट धावत आली.

का ओरडले ते सांगते. रेड ५ कसं चालतं? समजा तीन आकडे आहेत: ५, ३ आणि ७. चौथ्या जागी त्यांची बेरीज लिहून ठेवली, १५. आता ७ पुसला गेला तरी १५ मधून ५ आणि ३ वजा करून तो परत काढता येतो. पण दोन आकडे पुसले गेले तर? संपलं. खरं गणित बेरजेचं नसतं आणि ती 'बेरीज' एकाच ड्राइव्हवर न बसता चौघांवर वाटलेली असते, पण मुद्दा तोच. एक ड्राइव्ह गेला तर चालतं, दुसऱ्याला माफी नाही. त्यामुळे आजारी ड्राइव्ह आत ठेवून चुकून धडधाकट बाहेर काढला, तर ती एक माफी तुम्ही आपल्या हाताने खर्च केली.

आता स्क्रीनशॉट. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. नॅसच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये ती फोनवरूनही बघता येते. वर ठळक अक्षरात 'पास्ड' किंवा 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. मामाच्या चारही ड्राइव्हसमोर तेच होतं आणि बाहेरचे चारही दिवे हिरवे. त्यावर जाऊ नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ते 'पास्ड' तसंच राहतं, आणि ती मर्यादा बरीच सैल असते. खाली जो तक्ता असतो, त्यातला 'रॉ व्हॅल्यू'चा रकाना बघायचा.

दोन नंबरच्या ड्राइव्हवर ११२ हा आकडा होता ओळ १९९ मध्ये, सीआरसी एरर. तीन नंबरच्या ड्राइव्हवर ओळ १९७ मध्ये ४८ आणि ओळ ५ मध्ये १६. मामाने मोठा आकडा बघितला आणि आरोपी ठरवला. साहजिक आहे, कोणीही तेच केलं असतं.

पण १९९ ही ओळ डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतच नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला, एवढंच ती सांगते. कारण बहुतेक वेळा सैल केबल किंवा कनेक्टरवरची धूळ. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. तीन वर्षांपूर्वी पेटी हलवताना काही झालं असेल, तरी तो तिथेच बसून राहतो. म्हणून बघायचं ते हे, की आकडा वाढतोय का? ११२ वर थांबला असेल तर जुनी जखम. उद्या १३० झाला तर वाटेत बिघाड चालू आहे. पण तेव्हाही आधी केबल आणि कनेक्टर, मग ड्राइव्ह.

ओळ १९७ मात्र वेगळी गोष्ट. 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे डिस्कला स्वतःच्याच पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीयेत. त्या जागेवर पुन्हा लिहिताना जमलं तर नोंद पुसली जाते. नाही जमलं तर डिस्क ती जागा सोडून राखीव जागा वापरते आणि ओळ ५ चा आकडा वाढतो. त्यामुळे १९७ उद्या शून्य दिसला म्हणून आनंदाने नाचू नका, ५ कडे बघा. मामाच्या तीन नंबरवर १६ जागा आधीच सोडलेल्या होत्या आणि ४८ रांगेत.

हळूपणाचं कोडंही इथेच सुटलं. न वाचता येणारी जागा आली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. नॅससाठी बनवलेले ड्राइव्ह साधारण सात सेकंदांत हार मानतात आणि रेडला सांगतात, तू बघ बाबा. साधे डेस्कटॉपचे ड्राइव्ह त्याहून कितीतरी जास्त वेळ झगडत बसतात. मामाचे चारही डेस्कटॉपचे. स्वस्त पडले होते.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. जाताना एक ८ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क घेतली. साताऱ्यात पोचल्यावर पहिलं काम निदानाचं नव्हतं, कॉपीचं होतं. खरं तर मला लगेच तीन नंबरची लांब स्मार्ट टेस्ट लावायचा मोह होत होता. पण ती टेस्ट पूर्ण डिस्क वाचते, तासन्‌तास. आजारी माणसाला आधी जिना चढायला लावून तपासायचं नसतं. आणि पेटी बंदही करायची नाही, कारण दमलेली डिस्क बंद केल्यावर परत फिरेलच असं नाही.

कॉपीचा क्रम महत्त्वाचा. आधी न दिलेली पाच लग्नं, मग बाकीचं. ९०० जीबी होतं. गिगाबिट नेटवर्कवर अडीच तासांत व्हायला हवं, आम्हाला सहा लागले. मधे मधे सगळं थांबायचं, आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसायचो, मग परत सुरू. मामीने त्या सहा तासांत दोनदा पोहे केले.

रात्री ती पाच लग्नं बाहेरच्या डिस्कवर उघडून बघितली. नुसती नावं नाही, फोटो उघडून. मग उरलेल्याची कॉपी लावली आणि झोपलो. ती रविवारी संध्याकाळी संपली. त्यानंतर लांब टेस्ट लावली, चारही ड्राइव्हना, एकेक करून. चौघांची का? कारण नवीन ड्राइव्ह टाकल्यावर तो भरण्यासाठी उरलेले तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले जातात. त्यातल्या एखाद्यावर लपलेली खराब जागा असेल तर ती नेमकी तेव्हा भेटते, माफी खर्च झाल्यावर. त्यात हे चौघं एकाच दिवशी घेतलेले, प्रत्येक जण ४१ हजार तास चाललेला. म्हणजे जवळजवळ पावणेपाच वर्षं.

तीन नंबर टेस्टमध्ये नापास झाला, 'रीड फेल्युअर'. बाकी तिघं पास. यावरही आंधळा विश्वास नको हं. २००७ साली गूगलच्या इंजिनिअरांनी एक लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्या ड्राइव्हपैकी ५६ टक्क्यांहून जास्त असे होते, ज्यांच्या स्मार्टमधल्या चार मुख्य आकड्यांनी काहीच इशारा दिला नव्हता. आकडा वाढला तर घाबरा, पण शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

मग काढायची वेळ. इथे अजून एक खड्डा आहे. सॉफ्टवेअर कधी ड्राइव्ह शून्यापासून मोजतं, पेटीवरचे नंबर एकपासून. म्हणजे यादीतला 'तीन' पेटीवरचा चौथा असू शकतो. म्हणून स्क्रीनवरचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घेतला, पेटी रीतसर बंद केली आणि ट्रे बाहेर काढून लेबलवरचा नंबर जुळवला. शेवटचे चार आकडे मामाने मोठ्याने वाचले, मी कागदावर टिकमार्क केली. तेवढ्यात दोन नंबरचा ट्रेही काढून कनेक्टरवरची धूळ ब्लोअरने उडवली आणि नीट दाबून बसवला. नवीन ड्राइव्ह नॅससाठीचाच घेतला होता. एसएमआर प्रकारचा नाही ना, तेही बघून. तसले ड्राइव्ह रिबिल्डमध्ये फार रडवतात. रिबिल्डला दहा तास लागले.

आता माझी लाज. असा बिघाड सुरू झाला की नॅस ईमेल पाठवतं. पाठवलं होतं की! पेटी बसवताना मी त्यात माझा कॉलेजचा ईमेल टाकला होता, जो मी दोन वर्षं उघडलाच नाही. त्यात १९ इशारे पडलेले. मामाला ते मी जेवताना सांगितलं, तो काही बोलला नाही, फक्त पोळी वाढली.

ईमेल बदलला. महिन्यातून एकदा डेटा स्क्रबिंग लावलं, म्हणजे लपलेल्या खराब जागा संकटाच्या वेळी न भेटता आधीच सापडतील. ८ टीबीची डिस्क आता मामीच्या कपाटात असते, दर रविवारी बाहेर येते. आणि तो जुना तीन नंबर भंगारवाल्याला द्यायचा नाही म्हणून मी पुण्याला आणलाय. वाचता येत नाहीत त्या ४८ जागा, बाकी लोकांच्या लग्नांचे तुकडे आहेतच त्यावर.

मामी रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर दोन नंबरचा आकडा पाठवते. आजही आला: ११२.