पाल्याचा पहिला प्रयोग आणि पालकांची पहिली प्रतिक्रिया : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

किशोरवयीन मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली, की घरात बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर मुलाला मारहाण होते, नाहीतर गोष्ट उंबरठ्याबाहेर जाऊ नये म्हणून ती दडपली जाते. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी माया आणि भीती असते; परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. मुलगा घरात बोलेनासा होतो. पहिला प्रयोग म्हणजे व्यसन नव्हे. मात्र त्या प्रयोगाचे पुढे काय होणार, हे ठरविणाऱ्या घटकांमध्ये पालकांच्या पहिल्या प्रतिक्रियेचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात मावळ-लोणावळा परिसराच्या पार्श्वभूमीवर या प्रतिक्रियेचे स्वरूप कसे असावे, याचा ऊहापोह करण्यात आला आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

मावळ हा मूलतः भातशेतीचा आणि वारकरी परंपरेचा तालुका. संत तुकारामांच्या वास्तव्याने पावन झालेला भंडारा डोंगर याच तालुक्यात आहे आणि गळ्यात तुळशीची माळ असलेली घरे आजही गावोगावी आढळतात. याच भूमीतून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग गेला, तळेगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि लोणावळा-खंडाळा परिसरात भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची संख्या वाढली. जमिनीच्या विक्रीतून काही घरांत एकदम पैसा आला. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांची मौज स्थानिक मुले जवळून पाहतात. कामशेत, वडगाव, तळेगाव येथील विद्यार्थी लोकलने पिंपरी-चिंचवड व पुण्याच्या महाविद्यालयांत जातात आणि दिवसाचा मोठा काळ घराच्या नजरेबाहेर असतात. माळकरी घरात असा प्रकार उघडकीस आला, तर लाज अधिक वाटते आणि त्यामुळे तो लपविण्याकडे कलही अधिक असतो.

प्रश्नाचे स्वरूप :

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हुंगून घेण्याच्या पदार्थांचे सेवन १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळले. प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक प्रमाण असणारा हा एकमेव प्रकार होय. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन या वस्तू दुकानात सहज मिळतात, हे त्याचे उघड कारण आहे. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील ‘एम.डी.’, शेकडो किलोंच्या प्रमाणात जप्त केले. तात्पर्य, हा प्रश्न केवळ महानगराचा राहिलेला नाही.

पुणे जिल्ह्याला या प्रश्नाचा अनुभव मात्र नवा नाही. १९८० च्या दशकात ‘गर्द’ची साथ पसरली, तेव्हा एका परिचित कुटुंबातील मुलाच्या निमित्ताने डॉ. अनिल अवचट व मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. अवचटांच्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसन हा आजार आहे आणि उपचारांत रुग्णाइतकाच त्याच्या कुटुंबाचाही सहभाग हवा, ही या केंद्राची भूमिका. पालकांच्या दृष्टीने हाच विचार मोलाचा आहे.

प्रयोग, सवय आणि व्यसन :

कुतूहलापोटी किंवा मित्रांच्या आग्रहास्तव एक-दोनदा केलेले सेवन, ठरावीक प्रसंगी होणारे सेवन, नियमित सेवन आणि पदार्थाशिवाय शरीर-मन चालेनासे होणे, अशा या पायऱ्या होत. प्रत्येक मुलगा शेवटच्या पायरीपर्यंत जात नाही. तथापि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असल्याने लहान वयातील सेवन अधिक धोक्याचे ठरते. म्हणून प्रयोगाकडे दुर्लक्ष करणे जसे चुकीचे, तसेच पहिल्याच प्रसंगी मुलाला ‘गर्दुल्ला’ ठरविणेही चुकीचे. एकदा तो शिक्का बसला, की मुलाला आपलेपणा देणारी जागा म्हणून तेच मित्र उरतात.

पालकांची भूमिका :

(१) मुलगा नशेत असताना जाब विचारू नये. तो बेशुद्ध असेल किंवा श्वास मंदावला असेल, तर त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. हुंगण्याच्या पदार्थांनी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अशा वेळी मुलाला दचकविणे वा त्याचा पाठलाग करणे जिवावर बेतू शकते.

(२) दुसऱ्या दिवशी आई-वडिलांनी आधी आपसांत एकमत करावे आणि मग शांतपणे बोलावे. ‘तू हे का केलेस?’ या प्रश्नाला मुलाकडे केवळ बचाव असतो. ‘हे कसे घडले? घेतल्यावर काय वाटले? कशाची भीती वाटते?’ या प्रश्नांना उत्तर असते. अपयश, प्रेमभंग, नैराश्य किंवा घरातील कलह यांपैकी काही मुळाशी आहे का, हे त्यातूनच कळते.

(३) मायेबरोबर मर्यादाही स्पष्ट असावी. घरात पदार्थ चालणार नाही, रोख पैशांचा हिशेब द्यावा लागेल, हे नियम आधी सांगावेत आणि सांगितलेले पाळावेत. न पाळता येणारी धमकी देऊ नये. घरातील मोठ्यांचे मद्य व तंबाखू मुलाच्या डोळ्यांसमोर असतात, याचाही विचार व्हावा.

(४) माळ घालणे किंवा शपथ देणे यांनी मनोबल वाढू शकते. परंतु सेवन नियमित झाले असेल, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाच्या साहाय्याला तो पर्याय नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय साहाय्यवाणी आणि १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा यांवर मोफत सल्ला मिळतो. निवासी केंद्र निवडताना मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ नुसार त्याची नोंदणी आहे याची खात्री करावी.

कायद्याची भीती :

अनेक पालक पोलिसांच्या धास्तीने गप्प बसतात. अमली पदार्थविरोधी अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच अधिनियमातील कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात, मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही आणि त्याची ओळखही प्रसिद्ध करता येत नाही. उलट मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. कायद्याचा रोख कोठे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :

मुलाच्या वर्तनातील बदल पुष्कळदा प्राध्यापकांच्या नजरेस घराआधी येतो. हजेरी घटणे, जुने मित्र सुटणे, सततची पैशांची चणचण ही लक्षणे पुरावा नव्हेत, विचारपूस करण्याची कारणे होत. अशा वेळी निलंबनाच्या नोटिशीआधी पालकांशी खासगीत संवाद साधला, तर महाविद्यालय घराला धीर देऊ शकते. मावळातील घरांना आज अब्रूची चिंता वाटते, ती समजण्यासारखी आहे. परंतु लपविलेली गोष्ट मुलाला एकटे पाडते आणि एकटा पडलेला मुलगा पुन्हा पदार्थाकडे वळण्याचा धोका वाढतो. ‘चुकलास, पण घर तुझेच आहे’ हे वाक्य वेळेवर ऐकलेल्या मुलाला परतीची वाट मोकळी राहते.