मांडूची चिंच आणि जेवणाआधीचे फळ

धार-देवासच्या मराठी घरांत उन्हाळा म्हणजे आमरस. तोही पुरीबरोबर, वाटीवर वाटी. आता मोबाइलवर फिरणारा सल्ला सांगतो की फळ जेवणाच्या अर्धा तास आधी खा, साखर चढणार नाही.

यात तथ्य आहे, पण सल्ला अर्धाच पोचतो. 2019 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना भाताच्या अर्धा तास आधी सफरचंद दिले, तेव्हा रक्तातल्या साखरेची वाढ जवळपास निम्म्यावर आली. मेख अशी, की सफरचंदातून जितकी कर्बोदके पोटात गेली, तितक्यांचा भात ताटातून काढला होता. फॉरवर्डमध्ये नेमके हेच गळते.

ही किमया होते कशी? पंगत बसायच्या आधी चार पोरे पाटावर येऊन बसली, की वाढपी कंबर कसून उभे राहतात. मग मोठी पंगत बसली तरी धांदल उडत नाही. आधी पोचलेली थोडी साखर स्वादुपिंडाला आणि यकृताला असेच कामाला लावते. पाठोपाठ दुसऱ्यांदा ग्लुकोज दिले तर साखर कमी चढते, याला 1921-22 मध्ये त्यावर लिहिणाऱ्या श्टाउब आणि ट्राउगोट यांचे नाव मिळाले. बाल्टिमोरच्या हॅमन आणि हिर्शमन यांनी मात्र हे 1919 मध्येच छापले होते, म्हणजे इन्सुलिन हाती येण्याआधी! विज्ञानातही नाव होते ते कधी कधी मागून येणाऱ्याचेच.

धार जिल्ह्याचे स्वतःचे फळही या चर्चेत आहे. मांडूला रस्त्याकडेला मखमली लव असलेली, दुधीसारखी लांबट फळे विकायला असतात. कवच फोडले की आत खडूसारखा पांढरा, कोरडा, आंबट गर आणि त्यात रुतलेल्या बिया. हीच मांडूची इमली, आपली गोरखचिंच. चिंचेशी नाते शून्य. ही सावरीच्या गोतातली, मूळची आफ्रिकेची. 2023 मध्ये इथली जुनी झाडे उपटून हैदराबादकडे नेली जात होती, तेव्हा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाला मध्ये पडावे लागले.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाने 2013 मध्ये या फळाचा अर्क पाण्यात कालवून पांढऱ्या पावाबरोबर दिला. नुसत्या पावापेक्षा साखर कमी चढली. गरातली पॉलिफेनॉल पिष्ट पचवणाऱ्या विकरांना अडवत असावीत, असा अंदाज. पण प्रयोग छोटा, माणसे निरोगी आणि अर्क मोजून दिलेला. तेवढ्यावर ‘मधुमेहाचा रामबाण उपाय’ म्हणून पुड्या विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आमरसाचे गणित तर उलटेच पडते. चावून खाल्लेल्या सफरचंदाची शिस्त गाळलेल्या, वर साखर घातलेल्या रसात नाही. तो आधी प्यायला आणि पुऱ्या तितक्याच खाल्ल्या, तर साखरेत नुसती भर. आंबा सोडू नका. फोडी खा आणि त्या बदल्यात दोन पुऱ्या कमी करा. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणाआधीचा व दोन तासांनंतरचा आकडा लिहून ठेवा. फॉरवर्डपेक्षा तो आकडा खरा.